त्याच्या सहीशिवाय

३ मार्च, मंगळवार
सही करणार नाही म्हणे! या देशातलं माझं राहणं नवऱ्याच्या कागदावर, आणि त्याची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. आज जेवता जेवता सुनावलं – "तोंड चालवलंस तर सही नाही. जा मग परत, जिथून पळून आलो तिथे." तिथे उरलंय काय? घर जळलं, माणसं पांगली. आणि मी काय मागितलं होतं? भावाला एक फोन!
सासूबाई समोरच होत्या. ताटातून मान वर केली नाही. दगड!

७ मार्च, शनिवार
कामावर, लॉन्ड्रीत माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरणारी म्हणाली, "सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर वकील बसतात. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांची कामं करतात, परवडेल तेवढंच घेतात."
"स्वस्तातला वकील काय दिवे लावणार?"
तिने चादर माझ्या अंगावर टाकली. "मग बस रडत."

११ मार्च, बुधवार
गेले एकदाची. अंधारा जिना, प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. वकीलबाई माझ्याच वयाच्या, आणि काय तो तोरा! बस म्हणायच्या आधी पहिला प्रश्न – "नवरा मारतो का?"
"नाही."
"मनगटाला काय झालं?"
"दारात सापडलं."
"दाराने बोटांचे वळ उठवले?"
तडक उठून आले. समजते कोण स्वतःला!

१२ मार्च, गुरुवार
खरं बोलली, म्हणूनच इतकं झोंबलं.

१८ मार्च, बुधवार
परत गेले. सगळं सांगितलं. रडले नाही, दात-ओठ खात सांगितलं. बाईंनी एकदाही 'अरेरे' केलं नाही. मग म्हणाल्या, कायद्यात वाट आहे. नवरा छळतो हे पटवता आलं, तर त्याच्या सहीशिवाय इथे राहता येतं – स्वतःच्या नावावर.
"पण एकट्या तुमच्या शब्दावर अवघड आहे. कोणी पाहिलंय?"
पाहिलंय ना. सासूबाईंनी! स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, दर वेळी.
"त्या मेल्या तरी बोलणार नाहीत."
"विचारलंत?"
"अहो, पोटचा मुलगा आहे त्यांचा!"
"मी काय विचारलं? विचारलंत का?"
अस्सा संताप आला!

२४ मार्च, मंगळवार
विचारलं. तो कामावर गेला होता. सासूबाई भांडी पुसत होत्या.
"आई, तुम्ही सगळं पाहिलंय. सायकलच्या दुकानावरच्या वकिलांपुढे सांगाल?"
पातेलं दाणकन आपटलं. "घर मोडायला निघालीस? लाज कशी वाटत नाही?"
मग माझाही तोल गेला. "नुसत्या बघत राहिलात ना? मग तुम्हीही त्याच्यातल्याच!"
पांढऱ्याफटक पडल्या. आता त्याला सांगणार. संपलं सगळं.

२५ मार्च, बुधवार
सांगितलं नाही. का?

३० मार्च, सोमवार
घर सोडलं. कामावर म्हणून निघाले ती थेट बायकांच्या निवाऱ्यात. जागा वकीलबाईंनीच मिळवून दिली. निघताना सासूबाई दारात होत्या. फुगलेल्या पिशवीकडे पाहिलं, बाजूला सरकल्या.
त्याचा फोन – "पोलीसच तुला ओढत विमानात बसवतील." तशीच वकीलबाईंकडे धावले. बाई म्हणतात, "रडायचं तर बाहेरच्या खुर्चीत. इथे पुढचा माणूस यायचाय." मेली तुसडी! पण माझा अर्ज स्वतः जाऊन देऊन आली.
"साक्षीदाराशिवाय लढू. कठीण आहे, खोटी आशा लावणार नाही."
सासूबाईंचं नावसुद्धा काढू नका म्हटलं माझ्यासमोर.

८ एप्रिल, बुधवार
सासूबाई आल्या! एकट्या, पत्ता विचारत विचारत. वकीलबाईंसमोर बसून सगळं सांगितलं – मी विसरले होते तेही. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. बाईंनी सही घेतली, उभ्या राहिल्या. सासूबाई हलेनात.
"आता माझं लिहा," म्हणाल्या. "माझं राहणंही त्याच्याच सहीवर आहे. आणि मारतो तो मलाही."