खिडकीतले कुत्रे

प्रिय किर्स्टी,

चार घरं सोडून राहणाऱ्या सुनेला पत्र लिहायचं म्हणजे चेष्टाच. पण तू समोर आलीस की माझी जीभ भलतीकडेच धावते, म्हणून हे.

यंदा चर्चच्या मंडळींनी पाहुण्यांसाठी खजिन्याचा खेळ काढलाय, ते तू पाहतेच आहेस. कागद घेऊन गावभर हिंडायचं, प्रश्नांची उत्तरं शोधायची, सगळी बरोबर आली की धक्क्यावरच्या दुकानात गोळ्यांची पुडी. तेवढ्यासाठी धडधाकट माणसं मासे खारवायच्या जुन्या वखारीवर कोरलेलं साल वाचत उभी राहतात, नि शेजारच्या जेसीच्या मासे धुरावर भाजायच्या धुरघरात नाक खुपसून खोकतात. त्यातला एक प्रश्न माझ्या खिडकीचा: चिनीमातीचे दोन कुत्रे कुठे बघतात? उत्तर: समुद्राकडे.

मला कुणी विचारलं नाही, पण खरं सांगते, बरं वाटलं. घरचा पुरुष दर्यावर असला की कुत्र्यांची तोंडं बाहेर, परतला की आत. माझ्या सासूपासूनची रीत. ॲलेकची बोट गेली त्या हिवाळ्यापासून मी ते हलवले नाहीत. बोटीची फळी मिळाली, माझा मुलगा मिळाला नाही. आता मर्डो तुला मागणी घालतो नि तू नुसतं "बघू" म्हणतेस. का, ते अख्ख्या गावाला माझ्या काचेतून दिसतं. जेसी तोंडावर म्हणाली, "इझोबेल, पोरीवर राखणीला कुत्रे बसवलेस की गं!" मी म्हटलं, "तुझे मासे करपतायत, तिकडे बघ."

परवा धूळ पुसताना एक कुत्रा उचलला नि ठेवताना त्याचं तोंड आत झालं. लगेच काचेवर टकटक. पिवळ्या कोटातली एक बाई. "आजी, एक आत बघतोय, एक बाहेर. आम्ही लिहायचं काय? नक्की ठरवा ना, मागे माणसं खोळंबलीत."

माझा हात सवयीनं त्याला बाहेर वळवायला गेला, पण तिथेच थांबला. ॲलेक येणार नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आईला कळतं. एवढी वर्षं बाहेर बघून या कुत्र्यांनी त्याला काही आणला नाही. अडवलं ते तुला. मी दुसराही उचलून आत फिरवला नि बाईला म्हटलं, "घराकडे, असं लिहा."

संध्याकाळी चर्चचा चिटणीस धावत आला. "इझोबेलकाकू, उत्तरं छापून झालीत!" म्हटलं, "मग खोडा. पेन्सिल देऊ?"

तर आता कामाचं. तुझी आई राहिली नाही, माहेर लांब बेटावर. नवरीनं चर्चला निघायचं ते कुणाच्या तरी घरातून. माझ्या घरातून नीघ. केस मी विंचरून देईन, आणि जेसीला काय बोलायचं ते रस्त्यात बोलू दे, मी तुझा हात धरून चालत असेन. मर्डोला हो म्हण. माणूस बरा आहे, फक्त जेवताना आवाज करतो. ते तुझं तू बघ.

तुझीच,
इझोबेल
(सासूच. ते काही बदलत नाही.)