उजेड कुणाच्या हद्दीत

३ फेब्रुवारी
पालिकेवर निवडून येऊन महिना नाही झाला, तोच घरचं प्रकरण! भाऊजींच्या फर्निचरच्या दुकानावर नवे फ्लडलाइट लागलेत, ते थेट मागच्या गल्लीत घुसतात. तिथली शिवणकाम करणारी बाई तान्हं बाळ घेऊन आली होती. "खिडकीला चादर टांगली तरी लख्ख! बाळाला रात्र कळेना झालीय. मत दिलंय तुम्हाला, काहीतरी करा."
भाऊजी म्हणजे यांचे थोरले भाऊ. आम्ही एकाच घरात राहतो. आली का पंचाईत!

६ फेब्रुवारी
पालिकेच्या वकिलांना विचारलं. "रस्त्यावरचे खांब आपले. बाकी दिव्यांवर आपली सत्ता नाही, ताई."
मी म्हटलं, शेजाऱ्याच्या दारात सांडपाणी सोडलं तर आपण दंड करतो ना? मग खिडकीत सोडलेल्या उजेडाचं काय?
डोकं खाजवत म्हणाले, "बघतो."

९ फेब्रुवारी
वकील स्वतः आले! लोकांना होणारा उपद्रव थांबवायला पालिका नियम करू शकते. कायद्यात दिव्यांचं नाव नाही, पण मनाईही नाही. "आजवर कुणी विचारलंच नव्हतं हो!"

१० फेब्रुवारी
सभेत दिव्यांचा नियम मांडणार, हे जेवताना भाऊजींना सांगून टाकलं — सभेत कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. दिव्यांना झाकण, तोंड जमिनीकडे, दुकान बंद झालं की मंद.
ताट सरकवून उठले. "घरच्याच माणसाने पोटावर पाय द्यायचा?" जाऊबाईंचा हात वाढता वाढता थांबला. हे खाली मान घालून जेवत राहिले. तेच जास्त झोंबलं.

१४ फेब्रुवारी
अबोला. निरोपसुद्धा जाऊबाईंमार्फत.

२० फेब्रुवारी
सभा. "चोरांचं फावेल!" — एकच गलका. मी उभी राहिले. म्हटलं, अंधार कुणी मागत नाही. ज्याचा उजेड त्याने आपल्या अंगणात ठेवावा, एवढंच.
एका मताच्या फरकाने मंजूर!! भाऊजी मागच्या बाकावरून उठून गेले. बाहेर आल्यावर यांनी माझा हात धरला. "चुकलो मी. त्या दिवशीच बोलायला हवं होतं."

२६ फेब्रुवारी
दुकानाच्या दिव्यांना झाकणं बसली. निरोप मात्र अजून जाऊबाईंमार्फतच.

१ मार्च
सकाळी भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात. "नियम पालिकेलाही लागू ना?"
"हो."
"मग तुमचा तो कोपऱ्यावरचा खांब रोज माझ्या तोंडावर उजेड मारतो. लिहून घे, नगरसेविका — पहिली तक्रार माझी!"
आणि खुर्ची ओढून बसले.