उजव्या दिव्यावरचं कुंकू

रविवार, संध्याकाळ

उद्या संगमनेरहून गिऱ्हाईक गाडी बघायला येणार. लेक फोनवर म्हणाली, "पप्पा, पुढचे दिवे लई पिवळट दिसतात, टूथपेस्टनं घासा की." उजवा घासला, लख्ख झाला. मग फडक्याकडं लक्ष गेलं. पांढऱ्या फेसात लाल.

हिचं कुंकू! दसऱ्याला गाडी पुजताना हिनं तेलात कालवून दोन्ही दिव्यांवर बोट ओढलं होतं. पुढची दिवाळी काही हिला दिसली नाही. तेव्हापासून गाडी धुताना तेवढी जागा मी सोडत आलो. आजच कसा विसरलो? डाव्यावर हिचं बोट अजून आहे, पण... फडकं धुवायला हात धजत नाही.

कुंकू गेलं, ते एक वेळ सोसेन. घासताना मी चक्क शीळ घालत होतो.