बांबूला फुलं आली

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, आधी खाली बस, मग वाच. आपल्या बांबूच्या बेटाला फुलं आलीत! हो, बांबूला! शिड्यांसाठी बांबू तोडायला गेलो आणि वर बघतो तर काय, पानं गायब! फांदीफांदीवर गवताच्या तुऱ्यांसारखे झुबके, त्यातून पिवळे धागे लोंबताहेत. बाबांनी जन्मभर शिड्या बनवल्या, पण हे त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

यंदा मी घातलेल्या शेणखताचा हा प्रताप, असं मी सगळ्यांना सांगत सुटलोय. ही म्हणते, खताला एवढा गुण असता तर आधी तुमच्या टकलावर घातलं असतं. येत्या वर्षी शिड्यांचा कारखाना आणि बेट दोन्ही पोरीच्या हाती द्यायचं ठरवलंय. तिच्यासाठी हा शकुनच म्हणायचा.

तुझी माया अशीच पाठीशी असू दे.
तुझा,
धाकटा


ता. १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि हातातली कात्री गळून पडली. अरे, माझ्या मागच्या अंगणातला बांबूही फुललाय! मला वाटलं रोग पडला, म्हणून कळवलं नव्हतं. आणि माझ्याकडे कसलं आलंय खत? धुण्याचं साबणपाणी पितो बिचारा. तेव्हा तुझा प्रताप गुंडाळून ठेव.

पण पुढचं ऐक. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई काल माझ्याकडे शिवायला टाकलेला कोट घालून बघायला आल्या होत्या. खिडकीतून बांबू दिसला, तशा टाचण्या लावलेल्या कोटासकट अंगणात धावल्या. त्यांनी सांगितलं ते असं. हा बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, बी धरतो आणि मरतो. एका मुळीपासून लावलेली बेटं कुठंही असली तरी बरोबरच फुलतात, बरोबरच जातात.

बाबांनी मला आणि मामाला आपल्या बेटाची मुळी तोडून दिली होती ती कशासाठी? एक बेट गेलं तर दुसरीकडून आणता यावं म्हणून. अरे, ती तीन बेटं नव्हतीच. एकच झाड तीन अंगणांत ठेवून आपण निर्धास्त होतो! मला रात्रभर रडू आवरलं नाही.

आता बी पिकून पडेपर्यंत बांबूला हात लावू नकोस. मागं उरेल ते फक्त बी.

पोरीला जवळ घे माझ्या वतीनं.
तुझी,
ताई


ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझा विश्वास बसेना म्हणून मामाकडे जाऊन आलो. त्याचंही बेट फुललेलं. त्यानं अपशकुन म्हणून ते तोडून जाळलंसुद्धा.

तुझं ऐकून थांबलो, तर बांबू उभ्याउभ्या वाळून ठिसूळ होईल. तसल्या बांबूची शिडी म्हणजे चढणाऱ्याचं मरण. आत्ता तोडला तर वर्षभराच्या शिड्या निघतील. बी पेरून शिडीजोगा बांबू व्हायला आठ-दहा वर्षं तरी हवीत. तोवर पोरीनं काय हवा खायची? सोमवारी कोयता लावणार आहे. तिला सांगितल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. निदान तू तरी अबोला धरू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. ६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कोयता खाली ठेव! मी दोरे आणायला बाजारात गेले आणि तेवढ्यात घरमालकानं कचरा पडतो म्हणून माझं बेट मुळासकट उपटलं. बी अजून हिरवंच होतं रे. मी त्या माणसाला नाही नाही ते बोलले. आता जगात आपलं म्हणून फक्त तुझंच उरलंय.

ताई


ता. १८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं तेव्हा अर्धं बेट आडवं झालं होतं. पण त्याआधीच माझा हात थांबला होता. पोरगी कोयता घेऊन आली. मला वाटलं मदतीला आली. तर उरलेल्या बांबूंपुढं फतकल मारून बसली आणि म्हणाली की बेट तिला द्यायचं मीच ठरवलंय, मग हा अर्धा भाग तिचा, आणि तिला तो तोडायचा नाही. मी ओरडलो, हातापाया पडलो, पण ढिम्म हलली नाही. कुणावर गेलीय ते तुला सांगायला नकोच.

एप्रिलमध्ये बी पडलं. ताई, किती म्हणून सांगू! पाऊल ठेवायला जागा नव्हती. आम्ही तिघं तोंडाचा आ वासून बघत राहिलो. उभे बांबू आता मेलेत, वारा आला की नुसते खडखडतात. खाली मात्र गवतासारखी हिरवी रोपं उगवलीत. चुकून त्यांच्यावर पाय पडला तर पोरगी माझ्या अंगावर धावून येते.

तोडलेल्या अर्ध्या बांबूच्या शिड्यांचं काम माझ्या एकट्यापुरतंच आहे. ती मात्र रोज परक्याच्या कारखान्यात लोखंडी शिड्या जोडायला जाते. संध्याकाळी तिचे काळे हात धुवायला मीच पाणी ओततो. परवा चेष्टेत म्हटलं, या रोपांची पहिली शिडी होईस्तोवर आत्याचे आणि माझे गुडघे जातील, मग चढणार कोण? तर म्हणाली, चढेन मी, तुम्ही दोघांनी फक्त खालून घट्ट धरायची.

तेव्हा तब्येतीला जप.
तुझा,
धाकटा