विमानाला हळदकुंकू

बोईसर,
१२ जानेवारी १९८६

तीर्थरूप येसूमामींना भाचा कमलाकांत याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? दांड्यांवरचे बोंबील वाळले का? पत्र वाचून दाखवणाऱ्या शकूवहिनींनाही नमस्कार. धर्माजीमामा 'तुला काय कलतंय इमानातलं?' असं तुम्हाला बोलून हत्यारांची पेटी घेऊन निघाले, तेव्हापासून घरात त्यांचं नाव काढायचं नाही असा तुमचा हुकूम असल्याचं कळलं. तरी हे पत्र त्यांच्याबद्दलच आहे. (नवापूर काही लांब नाही, मी स्वतः आलो असतो. पण मामांना पळवून नेणारा मीच, असं तुम्ही गावभर सांगितलंय म्हणे.)

विमानदलाच्या त्या अजस्र मालवाहू विमानाचा मला मुख्य अभियंता केलंय. ते उडेल तेव्हा उडेल (तोवर मी पेन्शनीत निघेन), सध्या साहेबलोकांना आत फिरून बघता यावं म्हणून तेवढ्याच मापाचं लाकडी विमान बांधायचं होतं. आमच्या सुतारांचा जन्म कपाटं करण्यात गेलेला, त्यांनी विमानाचं पोटही कपाटासारखं चौकोनी केलं. म्हणून होड्या बांधणाऱ्या मामांना आणलं. त्यांनी फळ्या अशा वळवल्या की सगळा कारखाना जेवण सोडून बघायला आला. मला फार अभिमान वाटला. पण मामांनी होडीसारखी फट न् फट काथ्या ठोकून बुजवली, वर राळ फासली. आणि ज्यातून जीप आत जायची ते शेपटीखालचं भलंमोठं दार, तेही त्याच झपाट्यात बुजवून टाकलं.

ते कळलं दिल्लीचे साहेब आले तेव्हा. जीप तयार, फोटोवाला तयार, दार हलेना. तीन मिशाळ अधिकारी ओढून घामाघूम झाले. मामा शांतपणे म्हणाले, "मागं भोक ठेवून कोन दर्यात जातो? बुडाल ना, सायेब." साहेबांनी मला बाजूला घेतलं. आठ दिवसांत दार उघडा, नाहीतर काम दुसऱ्या कारखान्याला देतो. मी करवत मागवली, तर मामा दारालाच पाठ लावून बसले. "बांधणाऱ्याच्या घरच्या बाईनं नालीला हलदकुंकू लावल्याबिगर नव्या होडीला करवत लागायची नाय." नाळ होडीच्या पुढच्या टोकाला असते, विमानाला नसते, हे सांगून पाहिलं. माझ्या बायकोला ताट घेऊन उभं केलं, तीही चालली नाही. आता माझी नोकरी तुमच्या हातात आहे, मामी.

तुमचा,
कमलाकांत

ता. क. गुरुवारी जीप पाठवतो. नारळ, ओटी सगळं इथे आहे. मामांशी बोललंच पाहिजे असं नाही. कुंकू लावा, हवं तर तशाच पाठ फिरवून परत जा.

आणखी एक. शकूवहिनी, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नका. मामींनी विचारलं तर अक्षर लागत नाही म्हणा. दार कालच उघडलं. मामांनीच काथ्या उपसला, जीप आत जाऊन आली, साहेब खूश होऊन गेले. पण मामा कामावरून हलत नाहीत. एवढं मोठं त्यांनी जन्मात बांधलं नव्हतं, आणि येसूमामींनी ते पाहिलेलं नाही. काल मला म्हणाले, "नुसतं बगायला बोलावलंस तर ती यायची नाय. तिला लिव, दार अजून बंद हाय."