लिंग, लोखंड आणि सतरा ठिपके

४ जुलै २००५, पुणे
लिंग काढा, एमआरआयवाले म्हणाले! मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक, अंगावर धातू चालत नाही. ह्यांच्या गळ्यात चांदीची डबी, आत इष्टलिंग — दीक्षा झाल्यापासून ह्यांनी ते कधी अंगावेगळं केलेलं नाही. निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, "काय बी करा, पण लिंग काडायचं न्हाई. लिंगाबिगर माजा अमरनाथ जित्ता न्हाई, बग." मार्चमध्येही अशी तपासणी झाली, तेव्हा महांतेश भाऊजी सोबत होते, त्यांनी काय केलं कुणास ठाऊक. काढलं असणार आणि घरी सांगितलं नसणार!
शेवटी मीच गाठ सोडली. तपासणी होईपर्यंत मुठीत धरून बसले. पाणीसुद्धा प्यायले नाही.

४ जुलै, संध्याकाळ, एसटी स्टँड
दिसल्या! मार्चमध्ये ह्यांच्याच कमरेच्या हाडातल्या मूळ पेशी काढून, लोखंडाची बारीक पूड लावून मेंदूत सोडल्या होत्या. पूड कशाला, तर पेशी कुठे पोचल्या ते फिल्मवर दिसावं म्हणून. लकव्याने मेलेल्या भागाच्या कडेला काळे ठिपके. मी सतरा मोजले. रडूच आलं.
"म्हणजे आता बोलतील? उजवा हात हलेल?"
डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ठिपका म्हणजे फक्त लोखंड. पेशी मेली तरी ते तिथंच राहतं."
मग मला दाखवलं कशाला?

५ जुलै, धर्मापुरी
सकाळी पोचलो. सासूबाईंनी फिल्म खिडकीशी धरली. "हे काळं काळं काय हाय?"
"पेशी आहेत."
"जित्या हायत का?"
मी फिल्म पाकिटात घातली. मलाच कुठे कळलंय?
मग ह्यांच्या पूजेची वेळ झाली आणि आठवलं. लिंग माझ्या पर्समध्येच! आनंदात बांधायचंच राहिलं. धावत खोलीत गेले. हे खाटेवर बसलेले, सदऱ्याच्या गळ्याशी चाचपडत होते — उजव्या हाताने! जानेवारीपासून मांडीवर लाकडासारखा पडलेला हात. दोन बोटं डबी शोधत होती.
मी दारातच उभी राहिले. हे पेशींनी केलं? की लिंग हरवलं म्हणून जीव घाबरला? मॅडमना विचारलं तर हसतील. बांधलं तर हात थांबेल का? नाही बांधलं तर पाप कुणाचं?

८ जुलै
"लिंग हाय न्हवं गळ्यात?" सासूबाईंनी आज परत विचारलं.
"हो," म्हणाले.
ते माझ्या कपाटात आहे, साडीच्या घडीत. आज तिसरं बोटही हललं.