मावा तो मावा

बुधवार, ११ मार्च

ताई,

नमस्कार. मी बरी आहे, तुम्हीही सगळे बरे असाल. चिंगीचा खोकला थांबला का? तिला वाफ दे, पण तीन-तीन स्वेटर चढवून लेकीचं गाठोडं करू नकोस. माझ्या खोलीतला गळका नळ अखेर दुरुस्त झाला. घरमालकीणबाई स्वतः पान्हा घेऊन आल्या आणि जाताना ऐकवून गेल्या, की एवढं शिकून साधा वायसर बदलता येत नाही.

रविवारी तुझ्याकडे भरल्या ताटावरून उठले, म्हणून रागावली असशील. पोट बिघडलंय म्हणाले होते. तू ओव्याचं पाणी करायला आत वळलीस आणि मी चपला घालून पळ काढला. त्या पोटाचं नंतर सांगते.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू रडतेस, आणि तू रडलीस की मी गप्प बसते, हे आपलं लहानपणापासूनचं. शिवाय तुमच्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो.

सध्या मला सगळ्याचीच किळस येते. मी कृषी संशोधन केंद्रात मावा, म्हणजे पिकावरची कीड, पाळते हे तू चारचौघांत सांगत नाहीस, 'बियाण्यांच्या खात्यात असते' म्हणतेस. तुझं बरोबरच आहे. जाळीघराचं दार उघडलं की चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा, तुकतुकीत थर बसलेला दिसतो. जवळ गेलं की तो थर पाय हलवतो. मावा अंडी घालत बसत नाही, सरळ पिल्लं टाकतो, त्यालाही नर लागत नाही. आईच्या पोटात लेक आणि त्या लेकीच्या पोटात आधीच नात. दिवसभर रस प्यायचा आणि पचला नाही तो गोड चिकटा मागून टाकायचा. माझी चप्पल, टेबल, दाराची कडी, भिंगाची दांडी सगळं चिकट. चार दिवसांत त्यावर काळी बुरशी चढते. तो चिकटा चाटायला मुंग्या येतात, आणि मावा खाणारा एखादा ढालकिडा आला की त्याच त्याला चावून हाकलतात. गोड मिळतंय ना, मग राखण करायची.

झाड मात्र मला आवडतं. ते मुकाट्याने सोसतं असं तुम्हाला वाटतं, पण तसं काही नाही. मावा सुईसारखी सोंड खुपसून रसाची नळी शोधतो. टोचलं रे टोचलं की झाड ती नळी आतून बुजवतं. म्हणून हा लबाड आधी थुंकतो. त्या थुंकीने नळी उघडी राहते आणि झाडाला पत्ताच लागत नाही. काही झाडं पानांवर लव वाढवतात, काही असा वास सोडतात की माव्याच्या पोटात अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या धावून येतात. चांगल्या वाणावर मावा टोचतो, सोंड काढतो, चालतो, पुन्हा टोचतो, पण बूड टेकत नाही. ते बघताना मला आसुरी आनंद होतो.

घरी भाऊजी असले तरी केंद्रात ते माझे साहेब; त्यांचा नवा वाण असाच होता. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू? आपल्या घरातल्या माणसाने केलेली चवळी, जिच्यावर औषध मारायला नको. तुला फोन करून मीच ओरडले होते ना?

आता घोळ कुठे झाला ते ऐक. जाळीघरातल्या माझ्या पिंजऱ्यातला मावा वर्षानुवर्षं एकाच मऊ, रसाळ चवळीवर वाढलाय. खाऊनपिऊन लाडावलाय. टणक झाडावर ठेवला तर उपाशी मरेल, पण कष्ट करणार नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे, की शेवटच्या चाचणीला मावा शेतातून आणायचा. मी पिशव्या घेऊन निघाले होते. भाऊजींनी केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि हसून म्हणाले, "कुठे उन्हात फिरतेस? पिंजऱ्यातलाच दे. अगं, मावा तो मावा." मला वाटलं सरावाची फेरी असेल. मीच डबा भरून दिला. नंतर कळलं, तीच शेवटची चाचणी होती, आणि साहेबांनी वाण मंजूर करणाऱ्या समितीला कळवलं की मावा शेतातला होता.

तेव्हा मी आपणहून एका बाईंच्या शेतात गेले. किडके शेंडे मागितले तर म्हणाल्या, "न्या की, सगळेच न्या, वर चहा पाजते." तो मावा भाऊजींच्या वाणावर सोडला. ताई, तो असा बसला जणू घरचंच कार्य आहे. आठवड्याभरात शेंडे आकसले, पानं चिकट झाली, मुंग्या लागल्या.

मी भाऊजींना बोलावून दाखवलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग शेंडा अंगठा आणि बोटात धरला आणि वरून खालपर्यंत ओढला. सगळा मावा चिरडला. हिरवट-काळा लगदा बोटांना लागला, तो त्यांनी खुंटीवरच्या माझ्या एप्रनला पुसला. "आता बघ, स्वच्छ," म्हणाले. नंतर आवाज खाली आणून म्हणाले, "शुक्रवारी समिती तुला एकच विचारेल, मावा कुठून आणला. शेतातून म्हण. तुझ्या ताईचा तरी विचार कर."

मला शिसारी आली. एप्रन मी जाळला, धुववेना.

त्यांचा वाण खोटा नाही, हेही लिहिते. अर्धवट आहे. अजून दोन हंगाम काम केलं तर चांगला होईल. पण केंद्रप्रमुखांची खुर्ची याच वर्षी रिकामी होतेय, आणि साहेबांना धीर नाही. लोक तो वाण विश्वासाने पेरतील, औषध मारणार नाहीत आणि शेंग धरायच्या आधी शेत काळं पडेल. त्या चहा पाजणाऱ्या बाईंचंसुद्धा.

आता रविवारचं. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू? जेवताना किड्याचं नाव काढलं तर तू ताट उचलून आत जातेस. ती तू मला वाढता वाढता म्हणालीस, "अगं, एवढं काय ताणतेस? मावा तो मावा. पिंजऱ्यातला काय नि शेतातला काय." चिंगी हसली. भाऊजी ताटात बघत राहिले. त्या केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो, ताई. म्हणजे त्यांनी तुला सगळं सांगितलंय, आणि तरी तू मला वाढत होतीस, आणखी घे म्हणत होतीस.

मी ताट सारून उठले. भाऊजींची किळस आधीच येऊन गेली होती, तिची सवय झाली असती. रविवारी मला तुझी किळस आली. आई गेल्यावर माझ्या डोक्यातल्या उवा तू मांडीवर घेऊन काढायचीस, एकदाही नाक मुरडलं नाहीस. त्या तुझी मला किळस यावी! बसमध्ये मी तोंडावर ओढणी धरून रडत होते. शेजारचे आजोबा म्हणाले, खिडकी उघडू का, गाडी लागते का?

आज सकाळी मी समितीच्या अध्यक्षबाईंना भेटले आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "ते तुमचे कोण?" मी म्हटलं, "माझ्या ताईचे यजमान." त्या म्हणाल्या, "शुक्रवारी मी आधी त्यांनाच विचारीन. तुम्हाला नंतर."

हे पत्र कुरिअरने तुला उद्या दुपारी मिळेल, ते ऑफिसात असतील तेव्हा. म्हणजे उद्याची संध्याकाळ तुझी आहे. ते आपणहून उठून 'चाचणी पुन्हा घेऊ' म्हणाले तर फारसं काही बिघडणार नाही, खुर्ची जाईल, नाव राहील. ते 'शेतातून' म्हणाले, तर मी त्यांच्या समोर उभी राहून 'पिंजऱ्यातून' म्हणणार आहे. आपलेच दात, आपलेच ओठ, हे मला कोणी सांगायला नको. घरात राहवेनासं झालं तर चिंगीला घेऊन ये. खोली लहान आहे, पण खाट मी तुम्हाला देईन.

नाही आलीस तर निदान चार ओळी लिही. शिव्या घातल्यास तरी वाचीन. पण त्या तुझ्या शब्दांत घाल. त्यांचे शब्द मला आता तुझ्या तोंडूनही ओळखू येतात.

तूच वाढवलेली,
धाकटी